गाडीत शेजारच्या सीटपुढे पाणी साचतंय? गॅस भरण्याआधी एसीची नळी तपासा

वडगाव मावळ : पावसाळ्यात मावळात गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. काचा बंद, दरवाजे बंद, तरी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट उचलली की खाली पाणी. मग कोणीतरी सांगतं, एसीचा गॅस भरून घे. गॅसचे पैसे जातात आणि दोन दिवसांनी पाणी पुन्हा हजर. बहुतेक वेळा दोष गॅसचा नसतो, बोटाएवढ्या एका रबरी नळीचा असतो. ती साफ करायला फार वेळ लागत नाही.

पाणी येतं कुठून?

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात, तसंच हे आहे. डॅशबोर्डच्या आत एसीची कूलिंग कॉइल असते. गार कॉइलला दमट हवा लागली की हवेतली वाफ पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये पडते. ट्रेला जोडलेली नळी इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून बाहेर जाते आणि पाणी रस्त्यावर सोडते. उभ्या गाडीखाली एसीचे थेंब पडत असतील तर काळजी नको, ते चांगलं लक्षण आहे. नळी तुंबली की तेच पाणी ट्रेवरून ओसंडून कार्पेटमध्ये उतरतं.

हवा जितकी दमट तितकं पाणी जास्त. त्यामुळे लोणावळ्याच्या पावसात किंवा घाट उतरून खोपोली-पनवेलकडे एसी लावून गेलं की ही गळती जास्त जाणवते.

नळी तुंबते कशाने? भात लावणीच्या दिवसांत शेतरस्त्याचा चिखल खालून उडतो. झाडाखाली उभ्या गाडीत पालापाचोळा जातो. बरेच दिवस गाडी हलली नाही तर कुंभारीण माशी तोंडाशी मातीचं घर करते. उंदीरही रबर कुरतडतात.

आधी पाणी ओळखा

गाडीत आलेलं सगळं पाणी एसीचं नसतं. कागदाचा पांढरा तुकडा त्यात बुडवून बघा.

१. पाणी स्वच्छ, वास नाही आणि एसी चालवल्यावरच येतं : एसीची नळी तुंबली किंवा निसटली आहे.

२. पाणी गढूळ आणि एसी बंद असतानाही पावसात येतं : पावसाचं पाणी आहे. वायपरखालच्या जाळीत पाला अडकलाय का, दरवाज्याचं रबर फाटलंय का, ते बघा.

३. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटाला चिकट आणि गोडसर वास : हा कूलंट आहे, हीटरकडून गळतोय. गाडी फार न चालवता गॅरेजला दाखवा, इंजिन तापू शकतं. कूलंट विषारी असतो. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा.

पक्की खात्री करायची तर कोरड्या, सपाट आणि मोकळ्या जागेत गाडी उभी करा. एसी पूर्ण गार करून १५-२० मिनिटं चालवा. दमट दिवस असूनही गाडीखाली थेंब नाही आणि आत मात्र ओल आली, तर नळी तुंबलीये असं समजा. बंद शेडमध्ये हा प्रयोग करू नका, इंजिनचा धूर जिवावर बेततो.

नळी साफ कशी करायची?

इंजिन बंद करा आणि सायलेन्सर गार होऊ द्या. हॅन्डब्रेक ओढा, चाकाला दगडाची उटी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

बहुतेक गाड्यांत नळीचं तोंड बोनेटखाली मागच्या भिंतीवर, खालच्या बाजूला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या रेषेत किंवा गाडीच्या मध्याकडे सापडतं. तोंडाशी चिखल असेल तर बोटाने काढा. नळी हलकेच चिमटून सोडा. पुष्कळदा एवढ्यानेच अडकलेलं पाणी भसकन खाली येतं. तोंड समोर ठेवू नका.

तरी मोकळी झाली नाही तर केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी चार-पाच इंच आत सरकवून हळू फिरवा. टोकदार तार खुपसू नका. आत अॅल्युमिनियमची पातळ कॉइल असते, तिला भोक पडलं तर खरोखरच गॅस जाईल आणि मोठा खर्च बसेल. वॉशिंग सेंटरवर पाणी ओढणारा व्हॅक्यूम असतो. तो नळीच्या तोंडाला लावून घाण बाहेर ओढून घेणं सगळ्यात चांगलं. पंक्चरवाल्याकडची हवा जोरात मारली तर नळी आतून निसटते आणि घाण उलटी ट्रेमध्ये जाते.

साफ झाल्यावर एसी पुन्हा चालवा. खाली थेंब पडू लागले की काम झालं. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी केबलला हात लावू नका, काम सर्व्हिस सेंटरला द्या.

कार्पेट वाळवल्याशिवाय काम पूर्ण नाही

कार्पेटखालचा फोम भरपूर पाणी धरून ठेवतो. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल राहते. मग कुबट वास, बुरशी आणि पत्र्याला गंज. मॅट काढा, कार्पेटची कड उचलून खाली कापड कोंबा, पाणी पिळून काढा आणि टेबल फॅन लावा. पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. सीटखाली पिवळ्या रंगाची वायर दिसली तर ती एअरबॅगची असते, ओढू नका.

घाटातून जाणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. ओल्या कार्पेटची वाफ काचेवर बसते आणि काच आतून धुरकट होते. बोरघाटात बाहेर धुकं, आत धुरकट काच, समोर ट्रक, असा प्रसंग ओढवून घेऊ नका. काच आतून धुरकटली तर बाहेरची हवा आत घेणारं बटण लावा, एसी सुरू ठेवा आणि हवा समोरच्या काचेवर सोडा. काच बाहेरून धुरकटली असेल तर वायपर मारा आणि एसीची गारवाई कमी करा.

गॅरेजला कधी जावं?

नळी मोकळी असूनही पाणी आत येत असेल तर ट्रे फुटलेला किंवा नळी आतून निसटलेली असू शकते. एसी आधी गार, मग हवाच कमी, आणि बंद केल्यावर एकदम भरपूर पाणी, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. एसी फिल्टर मळलेला असणं हे त्याचं एक साधं कारण आहे. गॅस कमी असला तरीही असं होतं, पण मेकॅनिकने गेज लावून दाब दाखवल्याशिवाय गॅस भरायला हो म्हणू नका. गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा : "ड्रेन पाईप बघितला का?"

दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, नळीचं तोंड आणि वायपरखालची जाळी साफ करून एसी फिल्टर झटकून घ्या. भात काढणीनंतर उंदीर वाढतात, तेव्हा पुन्हा एकदा बोनेट उघडून बघा.