वाटसरूचे छायाचित्र

छायाचित्रात सापडलेल्या पहिल्या मनुष्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. फ्रेंच संशोधक लुई दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील 'बुलेव्हार द्यु तांप्ल' या गजबजलेल्या रस्त्याचे चित्र उंचावरील खिडकीतून घेतले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटण्यास त्या वेळी काही मिनिटे लागत. तेवढ्या अवधीत गाड्या, घोडे आणि लगबगीने जाणारे नागरिक पुढे निघून गेले. त्यांची खूणही पत्र्यावर राहिली नाही. भर वस्तीतील तो रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. ठळकपणे उरला तो एकच गृहस्थ, कारण बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो एका जागी उभा होता. आपण चिरंजीव होत आहोत, याची त्याला गंधवार्ताही नसावी.

अनोळखी माणसाचे त्याच्या नकळत चित्र घेणे हे असे छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच घडले. पण तो निव्वळ योगायोग होता. पुढील सुमारे चाळीस वर्षे साधनाच्या संथपणानेच वाटसरूचे रक्षण केले. ज्याला आपले चित्र हवे असे, तो स्टुडिओत जाई, ठेवणीतले कपडे घाली आणि मान हलू नये म्हणून डोक्यामागे लावलेल्या लोखंडी आधाराला टेकून निश्चल बसे. त्याच्या सहकार्याविना चित्र निघणेच कठीण होते. संमतीचा प्रश्न वेगळा उपस्थित होण्याचे कारण नव्हते. ती त्या क्रियेतच अंतर्भूत होती.

१८७० नंतर जिलेटिनच्या कोरड्या काचा प्रचारात आल्या आणि ही परिस्थिती पालटली. मिनिटांचे काम सेकंदाच्या लहानशा अंशावर आले. तिकाटणे गेले, कॅमेरा हातात मावू लागला, आणि लवकरच तो लपविताही येऊ लागला. पुस्तक, गठडी, हॅट अशी नाना रूपे घेतलेले 'डिटेक्टिव्ह कॅमेरे' युरोपच्या बाजारात आले. १८८६ साली जर्मनीत निघालेला स्टिर्नचा कॅमेरा तर बंडीखाली छातीवर बांधावयाचा असून त्याचे भिंग काजातून बाहेर डोकावत असे. आतल्या गोल काचेवर सहा चित्रे उमटत. नॉर्वेच्या राजधानीत शिकणाऱ्या कार्ल स्टोर्मर या विद्यार्थ्याने १८९३ पासून काही वर्षे असाच कॅमेरा बाळगून सुमारे पाचशे चित्रे घेतली. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला तो अभिवादन करी आणि तो माणूस हसून प्रतिसाद देत असता खिशातील दोरी ओढी. थोर नाटककार इब्सेनही त्यातून सुटला नाही. हाच स्टोर्मर पुढे गणिती व उत्तर ध्रुवप्रकाशाचा अभ्यासक म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याच्या चित्रांतील माणसे मोकळी, प्रसन्न दिसतात. स्टुडिओत ताठ बसलेल्या त्यांच्याच पिढीच्या चित्रांशेजारी ही चित्रे ठेवली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील माणसे हसत होती, हे जणू नव्याने कळते.

गंमत होती तोवर कोणाची तक्रार नव्हती. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन याने शंभर चित्रांची फीत भरलेला 'कोडॅक' कॅमेरा पंचवीस डॉलरांना विक्रीस आणला आणि ही कला हौशी माणसांच्या हाती गेली. दोनच वर्षांनी, १८९० च्या डिसेंबरात, सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकात खाजगीपणाच्या अधिकारावर एक निबंध लिहिला. त्यातील युक्तिवाद मार्मिक आहे. चित्रासाठी माणसाला मुद्दाम बसावे लागे, तोवर करार आणि विश्वास यांचे कायदे त्याला पुरेसे होते. आता नकळत चित्र घेता येते, तेव्हा त्याच्या संरक्षणाला अधिक व्यापक पाया हवा, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयांनी ते लगेच स्वीकारले नाही. एका तरुण मुलीचे चित्र तिच्या परवानगीविना पिठाच्या जाहिरातीवर हजारोंच्या संख्येने छापले गेले, तेव्हा १९०२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी तिची मागणी फेटाळली. लोकमत खवळले, आणि पुढच्याच वर्षी जाहिरात वा व्यापार यांसाठी लेखी संमतीवाचून कोणाचे चित्र वापरण्यास त्या राज्यात कायद्याने बंदी झाली.

व्यापाराला असा लगाम बसला. कलेचा प्रश्न मात्र मोकळाच राहिला. १९२५ मध्ये 'लायका' हा चिमुकला कॅमेरा बाजारात आला आणि रस्ता हाच छायाचित्रकारांचा स्टुडिओ झाला. वॉकर एव्हन्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरील प्रवाशांची शेकडो चित्रे घेतली. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग त्याने काळे रंगविले होते, भिंग कोटाच्या गुंड्यांमधून डोकावे आणि कळीची तार अस्तनीतून हाती आलेली असे. कोणी पेंगत आहे, कोणी विचारात बुडाला आहे, कोणी वर्तमानपत्रात डोके खुपसून बसला आहे. दिवसभर चारचौघांत वावरताना चढविलेला मुखवटा येथे गळून पडला आहे. एव्हन्सने ही चित्रे घाईने बाजारात आणली नाहीत. काही थोडी नियतकालिकांतून आली. पुस्तक निघाले ते १९६६ साली. तोवर एक पिढी उलटून गेली होती आणि ते चेहरे ओळखले जाण्याचा संभव मावळला होता. या विलंबाचा हेतू काहीही असो, त्याचा परिणाम त्या प्रवाशांना आडोसा देणारा ठरला.

विचारून घेतलेलेच चित्र ग्राह्य, असा दंडक घातला तर इतिहास किती दरिद्री होईल, याची साक्ष भारतातच मिळते. १९४८ च्या जानेवारीत आन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार दिल्लीत होता. गांधीजींच्या हत्येनंतर लोटलेल्या जनसागराची त्याने घेतलेली चित्रे पाहावीत. त्या शोकाकुल माणसांपैकी कोणाला परवानगी विचारणे शक्य नव्हते, आणि विचारली असती तर तो शोक तसा राहिला नसता. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, अशा सामान्यांचे दुःख या चित्रांनी राष्ट्राच्या स्मृतीत नोंदविले.

दोन्ही बाजूंना सत्य आहे, म्हणूनच न्यायालयांनाही हा तोल सोपा गेलेला नाही. टाइम्स स्क्वेअरमधील एका वाटसरूचे नकळत घेतलेले चित्र प्रदर्शनात मांडून विकले गेले, तेव्हा धर्मभावना दुखावल्याची त्याची तक्रार न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००६ साली नाकारली. ते चित्र व्यापार नसून कला आहे, असा निर्णय दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. मनुष्य सार्वजनिक जागी आला, एवढ्यानेच तो या अधिकाराला मुकत नाही. तो अधिकार जागेला नव्हे, तर व्यक्तीच्या प्रतिष्ठेला चिकटलेला असतो, असा विचार त्या निकालात मांडला गेला.

दागेरच्या काळी चित्र निघण्यास मिनिटे लागत. आज निमिषही लागत नाही, आणि कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत आहे. पूर्वी जो संयम यंत्राच्या संथपणात होता, तो आता कळ दाबणाऱ्याच्या ठायी असावयास हवा. समोरचा मनुष्य दुःखात आहे की आनंदात, असहाय आहे की निश्चिंत, आणि हे चित्र उद्या त्याच्याच हाती पडले तर त्याला काय वाटेल, एवढा विचार करण्याइतका अवधी प्रत्येकापाशी असतो.