शाल, श्रीफळ आणि सेवापुस्तिका

शाळेतील एखादे गुरुजी किंवा बाई तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होतात, तेव्हा शाल, श्रीफळ व मानपत्र देऊन त्यांचा गौरव करण्याचा प्रघात आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात कृतज्ञता आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु खाजगी शाळेतील शिक्षकाच्या पदरात निवृत्तीनंतर काय पडले, हा इतिहास मानपत्रात सहसा येत नाही. तो थोडक्यात मांडावा, असे आम्हांस वाटते.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणात खाजगी प्रयत्नांना अधिक वाव द्यावा, अशी शिफारस केली. शाळा वाढल्या, पण सरकारी शाळेतील शिक्षक सरकारचा नोकर आणि खाजगी शाळेतील शिक्षक संस्थेचा नोकर, हा भेद कायम राहिला. पहिल्याच्या वृद्धापकाळाची तरतूद सरकारी नियमांत होती. दुसऱ्याची संस्थेच्या ऐपतीवर व मर्जीवर अवलंबून होती.

याच काळात पुण्यात त्यागी शिक्षकाचा आदर्श उभा राहिला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. संस्थेचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास बांधलेले असत. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली, तर १८९१ पासून गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे १९१४ साली तेथून निवृत्त झाले. तेथेही पैशाचा प्रश्न सुटलेला नव्हता. १८९० साली टिळकांनी संस्था सोडली, त्यामागील वादात आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, हाही एक मुद्दा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या मंडळींनी त्याग स्वखुशीने पत्करला होता आणि संस्थेच्या कारभारात त्यांचा स्वतःचा शब्द चालत असे. पुढे मात्र तोच आदर्श, कारभारात कोणताही शब्द नसलेल्या सामान्य शिक्षकापुढे ठेवला गेला. 'शिक्षकी हे व्रत आहे' हे वाक्य ज्याने उच्चारावयाचे त्याच्याऐवजी वेतन देणाऱ्याच्या तोंडी आले, की त्याचा अर्थ पालटतो.

महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांना पूर्वी भविष्यनिर्वाह निधीवरच भिस्त ठेवावी लागे. १९६८ च्या शासननिर्णयाने त्यांना १ एप्रिल १९६६ पासून निवृत्तिवेतन लागू झाले. वुडच्या खलित्यापासून मोजल्यास एकशे बारा वर्षांनी! त्यानंतर खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आली. अन्यायाने काढून टाकलेल्या शिक्षकास न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क मिळाला, आणि हा कायदा अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन्ही शाळांना लागू झाला.

ग्रॅच्युइटीची कथा याहून विलक्षण आहे. १९७२ चा कायदा १९९७ साली शैक्षणिक संस्थांना लागू करण्यात आला. परंतु शिक्षक हा त्या कायद्याच्या व्याख्येतील 'कर्मचारी' नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. संसदेने २००९ साली व्याख्या बदलली आणि तो बदल १९९७ पासून लागू केला. खाजगी शाळांनी त्यास आव्हान दिले. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, एवढीच ही रक्कम; तीही शिक्षकास मिळू नये म्हणून शाळा न्यायालयात गेल्या, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमलेल्या शिक्षकांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांना तर शासनाचे निवृत्तिवेतन नाहीच. म्हणून त्यांच्यासाठी ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधी यांचे मोल अधिक आहे.

आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांनी आपली मुले या शिक्षकांच्या हाती सोपविली. त्यांच्या गौरवसमितीत आपण बसतो, वर्गणी देतो, भाषणेही करतो. त्याच समितीने समारंभाची तारीख ठरविण्यापूर्वी संस्थाचालकांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत: सेवापुस्तिकेतील नोंदी पूर्ण झाल्या काय? निवृत्तिवेतन लागू असल्यास त्याचा प्रस्ताव वेळेवर पाठविला काय? ग्रॅच्युइटीची रक्कम बाजूला ठेवली आहे काय? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर मग शाल अवश्य पांघरावी.