डिझेलमधील 'अ‍ॅडिटिव्ह': खर्च किती, फायदा किती?

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरणाऱ्या पुण्यतिथी महोत्सवासाठी एस.टी.च्या बसगाड्या, खासगी मोटारी, काळी-पिवळी जीपगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांची येथे रीघ लागते. तिवसा तालुक्याच्या याच परिसरात त्या दिवसांत सोयाबीनची मळणी चालू असते. अशा वेळी डिझेलचा हिशेब प्रत्येकालाच पाहावा लागतो, आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मांडलेली छोटी बाटली साहजिकच नजरेत भरते. टाकीत ओता, अ‍ॅव्हरेज वाढवा, असे तिचे आश्वासन असते. ते कितपत खरे, हे ठरविण्यापूर्वी पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये मुळात काय असते, ते समजून घ्यावे लागते.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबल्या गेलेल्या तप्त हवेत डिझेलचा फवारा उडतो आणि ते आपोआप पेट घेते. फवारा उडणे आणि पेट घेणे यांत जो क्षणभराचा विलंब होतो, तो जितका कमी तितके इंजिन शांतपणे चालते. डिझेलचा हा गुण 'सीटेन क्रमांका'ने मोजतात. 'भारत स्टेज-२' मानकात हा क्रमांक किमान ४८ होता. 'भारत स्टेज-३' पासून तो किमान ५१ करण्यात आला.

गंधकाच्या बाबतीत झालेला बदल त्याहून मोठा आहे. 'भारत स्टेज-२' च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक चालत असे. पुढे ही मर्यादा ३५० आणि नंतर ५० वर आली, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या 'भारत स्टेज-६' मध्ये ती अवघी १० झाली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील नैसर्गिक वंगणगुण देणारे घटकही निघून जातात. फ्युएल पंप आणि इंजेक्टर यांना वंगण मिळते ते डिझेलमधूनच. त्यामुळे असे कोरडे डिझेल त्यांना झिजवू शकते. यावर उपाय म्हणून वंगणगुण वाढविणारे रसायन आवश्यकतेनुसार कंपन्याच डिझेलमध्ये मिसळतात. प्रमाणित चाचणीत पडणारा झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा, अशी अट मानकातच घातलेली आहे. म्हणजे 'गंधक कमी झाले, म्हणून आमचे औषध घाला' हा बाटलीवरील युक्तिवाद अर्धवट आहे. ती उणीव टाकीत येण्यापूर्वीच भरून काढलेली असते.

बाटलीत असते काय?

बहुतेक बाटल्यांत तीन-चार प्रकारची द्रव्ये वेगवेगळ्या प्रमाणात असतात. पहिले म्हणजे इंजेक्टरच्या नोझलवर साचलेली काजळी धुणारे द्रव्य. आधुनिक कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार इतक्या दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. तिथे थोडा थर जमला तरी फवारा बिघडतो, धूर वाढतो आणि डिझेल अधिक जळते. असे इंजिन धुऊन निघाल्यास फरक जाणवतो, यात शंका नाही. मात्र जे हरवले होते तेवढेच परत मिळते. ज्या इंजिनाचे नोझल स्वच्छ आहे, त्याला हे द्रव्य नवे काही देत नाही.

दुसरे द्रव्य सीटेन क्रमांक वाढविणारे. त्यासाठी बहुधा 'इथाइलहेक्झिल नायट्रेट' वापरतात. त्याने थंडीत गाडी लवकर सुरू होते, सुरुवातीचा पांढरा धूर आणि टकटक कमी होते. परंतु ५१ च्या डिझेलचा क्रमांक आणखी दोन-तीनने वाढला, तरी अ‍ॅव्हरेजमध्ये डोळ्यांत भरेल असा फरक पडत नाही. कारण डिझेलच्या एका लिटरमधील उष्णता ठरलेली आहे. हजार भागांत एक भाग मिसळलेले द्रव्य तीत दहा टक्क्यांची भर घालू शकत नाही. वंगणद्रव्य आणि पाण्याचा बंदोबस्त करणारे द्रव्य हे उरलेले दोन प्रकार.

हिशेब मात्र कोणालाही करता येतो. समजा, बाटली ३०० रुपयांची असून ती ६० लिटर डिझेलला पुरते. म्हणजे लिटरमागे पाच रुपये वाढले. डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर केवळ बाटलीचे पैसे वसूल होण्यासाठी अ‍ॅव्हरेजमध्ये साडेपाच टक्क्यांहून थोडी अधिक वाढ झाली पाहिजे. लिटरला १८ किलोमीटर चालणारी गाडी १९ चालली, तर ना नफा ना तोटा. खरा फायदा त्यानंतरचा.

या एका किलोमीटरच्या फरकाची खातरजमा करणे वाटते तितके सोपे नाही. डिझेल भरताना फेस येतो, आणि ५० लिटरच्या टाकीत एक लिटर कमी-जास्त बसले की दोन टक्क्यांचा फरक तिथेच पडतो. समोरचा वारा, गाडीतील माणसे, वातानुकूलन, वाटेतील कामे यांनी आणखी फरक पडतो. शिवाय बाटली ओतल्यावर चालक नकळत गाडी सावकाश चालवितो आणि श्रेय बाटलीला जाते! म्हणूनच एस.टी. महामंडळात डिझेलचा हिशेब एका फेरीवर होत नाही. दहा लिटरमागे किती किलोमीटर, हे माप दीर्घ काळ ठेवले जाते. खासगी वाहनधारकानेही टाकी पूर्ण भरून किमान चार-पाच भरण्यांची सरासरी बाटलीविना आणि तितकीच बाटलीसह काढावी, आणि मार्ग तोच ठेवावा. त्याशिवाय काढलेल्या निष्कर्षाला अर्थ नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक साधने व द्रव्ये तपासली. त्यांतील अगदी मोजक्यांनीच काही बचत दाखविली, तीही किरकोळ. आपल्याकडे १९९६ साली तमिळनाडूतील रामर पिल्लै यांच्या 'वनौषधी पेट्रोल'ने देशभर खळबळ माजविली होती. ते वनस्पतींचे नसून पेट्रोलियम पदार्थांचेच मिश्रण असल्याचे निष्पन्न झाले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. चमत्काराची ओढ इंधनाच्या व्यवहारात नेहमीच राहिली आहे.

तेल कंपन्यांनीही हा मार्ग चोखाळला. या शतकाच्या पहिल्या दशकात 'एक्स्ट्रामाइल', 'टर्बोजेट' अशा नावांनी पूरक द्रव्ये घातलेले डिझेल पंपांवर आले. द्रव्याचे प्रमाण कंपनीनेच मोजून घातलेले असल्याने बाटलीपेक्षा हा पर्याय निर्धोक होता. परंतु साध्या डिझेलला अनुदानाचा आधार आणि ब्रँडेड डिझेलवर वाढीव उत्पादनशुल्क, यामुळे दोहोंच्या किमतींतील अंतर रुंदावले आणि ग्राहक मागे फिरला. साडेपाच टक्क्यांचे गणित त्याने कागदावर मांडले नसेल, खिशावर मात्र ते मांडले.

उपयोग कुठे होतो?

वऱ्हाडातील थंडीसाठी बाटली विकत घेण्याचे कारण नाही. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंश सेल्सियसपर्यंत गाळणीतून सहज जावे लागते, आणि येथील रात्रीचा पारा त्याखाली क्वचितच उतरतो. लडाखची गोष्ट निराळी. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

येथील खरा शत्रू आहे तो पाणी. सोयाबीनच्या मळणीसाठी आणलेले डिझेल ड्रममध्ये उरते आणि तुरीच्या मळणीपर्यंत तसेच पडून राहते. अर्धवट भरलेल्या ड्रममध्ये दिवसा-रात्रीच्या तापमानातील फरकाने दव धरते आणि पाणी तळाशी जमते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी व जिवाणू वाढतात. फिल्टर उघडल्यावर दिसणारा काळा चिकट लगदा तो हाच. मंगल कार्यालये व रुग्णालये यांच्या क्वचित चालणाऱ्या जनरेटरच्या टाक्यांतही हेच घडते. अशा ठिकाणी जंतुनाशक द्रव्य उपयोगी पडते, मात्र आधी तळाचे पाणी काढून टाकल्यानंतरच. पाणी डिझेलमध्ये विरघळविणारी द्रव्ये कॉमन रेल इंजिनात टाळावीत; ती पाण्याला थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचवितात. ड्रम सावलीत, किंचित तिरपा ठेवावा, डिझेल तळापासून उपसू नये आणि सहा महिन्यांहून अधिक साठवू नये.

२०२० नंतरच्या गाड्यांत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. लोह, मँगेनीज यांसारखे धातू असलेल्या द्रव्यांची राख त्या गाळणीत साचून राहते, आणि ती बदलण्याचा खर्च बाटलीच्या कितीतरी पट असतो. शिवाय कंपनीने न सांगितलेले द्रव्य घातल्यास हमी नाकारली जाऊ शकते. अनेक ट्रक व मोटारींत लागणारे निळ्या झाकणाचे युरियाचे द्रावण (३२.५ टक्के युरिया, उरलेले शुद्ध पाणी) हे तर डिझेलचे अ‍ॅडिटिव्ह नव्हेच. त्याची टाकी वेगळी असते. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेले, तर किल्ली न फिरविता मेकॅनिकला बोलवावे.

आणि रॉकेल. 'थोडे रॉकेल घातले की नोझल साफ होते' हा समज जुन्या चालकांत आजही आढळतो. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ. ते वंगण हिरावून घेते आणि पंप झिजवते. भेसळीच्या या धंद्याने किती पाय पसरले होते, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. डिझेलचीच शंका असेल, तर बाटली घेण्यापूर्वी पंपावर घनता मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

बचतीच्या जागा बहुधा टाकीबाहेर असतात. टायरमधील हवा कमी असेल, तर इंधनाचा खर्च वाढतो, असे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थेचे सांगणे आहे. हवेचा फिल्टर तुंबलेला, क्लच घसरणारा, ब्रेक घासणारा असल्यास निराळे काय होणार? आणि गळती तर सर्वांत महाग. एका मिलिलिटरमध्ये २० थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरहून अधिक डिझेल; वरच्याच भावाने पावणेचारशे रुपयांहून जास्त. पाइपचा सैल झालेला नट पान्याने आवळण्यास पाच मिनिटे पुरतात.