दिवसाला एकच छायाचित्र

चातुर्मासांत आपल्याकडे नेम धरतात. त्याच जातीचा एक नेम अमेरिकन छायाचित्रकार जिम ब्रँडेनबर्ग यांनीं १९९४ सालीं धरला. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकासाठीं काम करणाऱ्यानें एकेका लेखापायीं फिल्मचीं शेंकडों रिळें खर्ची घालावीं, असा तेव्हांचा शिरस्ता. ब्रँडेनबर्ग यांनीं ठरविलें कीं, शरदसंपातापासून उत्तरायणाच्या आरंभापर्यंत, नव्वद दिवस, दररोज कळ एकदांच दाबावयाची. स्थळ मिनेसोटा राज्याच्या उत्तरेस, ईली गांवाजवळचें, घराभोंवतालचें रान. दिवस आंखूड होत चाललेले. डिसेंबरांत तर उजेड जेमतेम साडेआठ तास. सकाळीं समोर आलेलें दृश्य टिपावें, कीं सायंकाळीं याहून सरस कांहीं दिसेल या आशेनें सोडून द्यावें? सोडलें आणि सायंकाळ रिकामी गेली, तर नेम मोडला! शिवाय चित्र कसें उतरलें, हें फिल्म धुतल्यावांचून कळावयाचें नाहीं. मला तर हा जुगारच वाटतो, पण व्रतस्थाचा.

हीं चित्रें कोणाच्या फर्माइशीवरून काढलेलीं नव्हतीं. तरी १९९७ च्या नोव्हेंबर अंकांत त्याच मासिकानें तीं छापलीं. एका दिवसाचीं दोन चित्रें शेजारीं ठेवून निवड करण्याची सोय संपादकांना या खेपेस नव्हती.