एकसरची जहाजं

मेट्रो २अ वर बोरिवली पश्चिमच्या अलीकडे-पलीकडे कुठेही चढलात तर एकसर हे स्टेशन लागतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही लाईन सुरू झाली आणि तेव्हापासून हजारो लोकांच्या कानावर हे नाव रोज पडतं. पण एकसर हे एक जुनं गाव होतं, आणि त्या गावात समुद्रावरच्या लढाईची शिल्पं असलेले वीरगळ आहेत, हे बोरिवलीत जन्म काढलेल्या कितीतरी जणांना माहीत नसतं. समुद्रावरची लढाई, आणि ती बोरिवलीत! लोक आधी हसतात. रेल्वे स्टेशन, रिक्षांची रांग आणि ट्रॅफिक यांच्यात समुद्र बसवायचा कुठे?

तर आज त्याबद्दल.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड. महाराष्ट्रात गावोगावी, देवळाबाहेर, पाराखाली ते पडलेले असतात. वाचायचे खालून वर. सगळ्यात खाली लढाई आणि मरण, त्याच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, टोकाला कलश. साधारण सगळीकडे हाच साचा. एकसरला वेगळं काय, तर काही दगडांच्या खालच्या पट्ट्यांत घोडे-हत्ती नसून जहाजं आहेत. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये या सहा दगडांचं सविस्तर वर्णन आहे. एकावर डोलकाठी असलेली पाच जहाजं एका ओळीत निघाली आहेत, प्रत्येकाला एका बाजूला नऊ वल्ही. वरच्या पट्टीत धुमश्चक्री, आणि माणसं पाण्यात पडताहेत. दगड चांगले पुरुषभर उंचीचे आणि त्याहून मोठे. म्हणजे ज्याने कोणी ते घडवून घेतले त्याच्याकडे पैसा होता, आणि मेलेली माणसंही मोठी होती.

ही लढाई कुठली? दगडावर आज वाचता येईल असं राजाचं नाव नाही, त्यामुळे वाद आहेच. शैलीवरून हे दगड ११व्या-१२व्या शतकातले मानणारे अभ्यासक आहेत. दुसरं मत जास्त गाजलेलं: १२६५ च्या सुमाराची ही लढाई, उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर विरुद्ध देवगिरीचा महादेव यादव. महादेव १२६१ मध्ये गादीवर आला. त्याचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. याने आपल्या ग्रंथात यादवांची जी प्रशस्ती लिहून ठेवली आहे तीत सोमेश्वराचा शेवट येतो. पोहण्यात पटाईत असूनही सोमेश्वर महादेवाच्या हत्तींच्या मदजलाच्या नद्यांत सैन्यासकट बुडाला, आणि महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशा अर्थाचं तिथे वर्णन आहे. दरबारी कवित्व आहे, मान्य. पण अतिशयोक्तीचा पापुद्रा काढला तरी खाली एक गोष्ट उरते: हा राजा जमिनीवर हरला, समुद्राकडे गेला आणि तिथेच संपला.

मला स्वतःला १२६५ चं मत पटतं. त्याचं कारण मूर्तिकलेतलं नाही, त्यातलं मला फारसं कळतही नाही. कारण भूगोलातलं आहे.

म्हणजे बघा. जगाचा नकाशा समोर धरा. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर उत्तरेकडे पार आर्क्टिकपर्यंत जातात. हिंदी महासागर मात्र वर आशियाच्या भिंतीला धडकून संपतो. अरबी समुद्राला तर तीन बाजूंनी जमीन. उन्हाळ्यात ही प्रचंड जमीन तापते, हवा वर जाते, आणि दक्षिणेकडचा वारा समुद्रावरून आत ओढला जातो. हिवाळ्यात उलट. अटलांटिकमधले व्यापारी वारे वर्षभर साधारण एकाच दिशेने वाहतात; इथे वारा सहा महिन्यांनी तोंड फिरवतो. शिडाच्या जहाजासाठी याचा अर्थ सरळ आहे: एका वाऱ्याने या, दुसऱ्याने परत जा. वेळ चुकली तर पुढच्या मोसमापर्यंत बंदरात बसा. 'मोसम' या अरबी शब्दावरूनच इंग्रजांचा मान्सून झाला. (आपण हवामान खात्याच्या बातम्यांत तोच शब्द इंग्रजी समजून वापरतो ही गंमतच.)

पहिल्या शतकात इजिप्तहून येणाऱ्या ग्रीक भाषिक व्यापाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यापैकी कोणीतरी लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची मार्गदर्शिका आज उपलब्ध आहे. जुलैच्या सुमारास निघा, असं ती सांगते. तीत भडोचच्या खाली सुप्पारा, कॅलिएना, सेमुल्ला अशी बंदरं येतात. सुप्पारा म्हणजे नालासोपाऱ्यातलं सोपारा, कॅलिएना म्हणजे कल्याण, सेमुल्ला म्हणजे चौल. थोडक्यात, आज ज्या स्टेशनांच्या नावाने लोकलच्या इंडिकेटरकडे बघून आपण वैतागतो, त्यातली दोन रोमन जगाला माहीत होती. आणि त्याच ग्रंथात एक बारीकशी नोंद आहे: कल्याणवर नवा सत्ताधीश आल्यापासून तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. बंदर ताब्यात घ्यायचं नाही, नुसता व्यापार वळवायचा! इसवीसनाच्या पहिल्या शतकातही भांडण बंदरांच्या उत्पन्नावरूनच होतं.

आता जमिनीकडून बघा. देवगिरी, पैठण, जुन्नर, मग नाणेघाट, आणि खाली कल्याण. हा दख्खनचा समुद्राकडे जाणारा जुना रस्ता. नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण तुम्ही ट्रेकला पाहिला असेलच. १३व्या शतकात घाटाच्या वर यादव, घाटाच्या खाली शिलाहार. वरच्याकडे माल, खालच्याकडे बंदर. शिवाय वरच्याला समुद्रातून एक गोष्ट हवीच होती: घोडे. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे, ते अरबस्तान आणि इराणहून जहाजाने यायचे. घोडदळ हवं तर बंदर हवं. सोमेश्वराच्या अंतानंतर २५-३० वर्षांनी मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचं जे वर्णन येतं, त्यात तर इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करारच दिलेला आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. घोड्यांना किती किंमत होती याचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

म्हणून ही लढाई एकसरजवळ होणं मला अजिबात विचित्र वाटत नाही. आपण ज्याला उपनगर म्हणतो ते मुळात साष्टी बेट आहे. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला अरबी समुद्र. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, एवढंच काय ठाणे शहर आणि मीरा-भाईंदरही याच बेटावर. आपण भाईंदर-नायगावचा पूल ओलांडतो, वाशीचा ओलांडतो, पण बेटावरून उतरलो असं कोणाच्या मनात येत नाही. शिलाहारांची राजधानी ठाणे खाडीच्या काठावर होती आणि तिथे जहाजाने पोचायचं तर या बेटाला वळसा घालूनच. एकसर पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला, गोराईच्या खाडीपासून जवळ.

शिवाय ती वल्ही. खोल समुद्रातून मस्कतहून घोडे घेऊन येणारं जहाज शिडावर चालतं. दीड हजार किलोमीटर कोण वल्हवत बसणार? एका बाजूला नऊ वल्ही म्हणजे किनाऱ्याजवळची, खाडीच्या तोंडावरची लढाई, जिथे वाऱ्याचा भरवसा नाही आणि पाणी स्वतःच पळत असतं. हा माझा तर्क आहे, पण मुंबईची भरती पाहिलेल्या कोणालाही तो पटावा. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ ते ५ मीटरपर्यंत जातो. चेन्नईला तो जेमतेम मीटरभर. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी काही सेंटीमीटरांचा खेळ. म्हणून सिंधूच्या मुखाशी पोचल्यावर अलेक्झांडरचे लोक पाणी मागे हटताना बघून हादरले होते. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्रतळ दूरवर उथळ आहे, आणि वर खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. भरतीची लाट त्या उथळ तळावर फुगते. खाडीत शिरायचं ते भरतीबरोबर, निघायचं ते ओहोटीबरोबर, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे. हे वेळापत्रक ज्याला पाठ, तो अर्धी लढाई जिंकलेला. पेरिप्लसच्या लेखकाने भडोचच्या भरतीची धास्ती घेऊन लिहिलंय, आणि परक्या जहाजांना आत आणायला राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे जातात हेही नोंदवलंय.

आता प्रश्न पडतो की हे पाठ असलेला सोमेश्वर हरला कसा? मला वाटतं उत्तर हेमाद्रीच्या हत्तींत आहे. घाटावरून उतरलेल्या फौजेने आधी जमिनीवर त्याचा कणा मोडला. ज्याच्या ताब्यात काठ नाही त्याला गोडं पाणी, दाणागोटा, दुरुस्तीला लाकूड कुठून मिळणार? आरमार कितीही चांगलं असलं तरी ते किनाऱ्यावर जगतं. शिलाहारांनंतर उत्तर कोकणात यादवांचे अधिकारी आले, आणि यादवांचं राज्यही पुढच्या ५०-५५ वर्षांत संपलं.

पुढच्या शतकांत खाड्या गाळाने भरत गेल्या, काठावर मिठागरं आली, मग भराव आणि इमारती. १८५३ ला ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि रेल्वेच्या रुळांनी आपल्या डोक्यातला नकाशाच बदलून टाकला. तेव्हापासून उपनगरातल्या माणसाला दिशा दोनच: ईस्ट आणि वेस्ट. समुद्र आठवतो तो पाऊस आणि भरती एकत्र आली की. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आपण बेटावर राहतो हे एका रात्रीत सगळ्यांना कळलं होतं. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईच्या कोळ्यांना ते कधी विसरायची सोयच नव्हती. त्यांच्याकडे उधाण आणि भांग अजून तिथीवरच मोजतात.

दगडांची मात्र काळजी वाटते. ऊन-पावसात दगड झिजतो, आणि आजूबाजूची जमीन चढत गेली की आधी गाडली जाते ती सगळ्यात खालची पट्टी. एकसरला नेमकी तिथेच जहाजं आहेत. १८८२ चं वर्णन प्रिंट काढून बरोबर नेलं तर काय टिकलं आणि काय गेलं हे ताडून बघता येतं. जाणार असाल तर रविवारी सकाळी लवकर जा. कोवळ्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. ऊन डोक्यावर आलं की वल्ही मोजता येत नाहीत.