छावणीतला झोपडी-विहार



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या विहाराची हकिकत यायची, जागा कशी मिळाली, वर्गणी कुणी गोळा केली, पत्रे कुणी चढवले हे यायचं. ते यायलाच हवं. पण विहार कशासाठी बांधायचा, हा प्रश्नही अशा दिवशी विचारला पाहिजे. आम्ही सूतगिरणीत पाळ्या करणारी माणसं. शाळा बेताची झाली, जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. त्या वाचनात एका परदेशातल्या झोपडी-विहाराचा इतिहास आमच्या हाती लागला. तो आपल्या घराघरांत माहीत व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

कंबोडिया हा बुद्धाला मानणारा देश. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज फौजा राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि त्यांनी अख्खं शहर रिकामं केलं. दवाखान्यातले रोगीसुद्धा रस्त्यावर काढले. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, धम्मही बंद! भिक्खूंची चीवरं उतरवून त्यांना शेतात आणि कालव्यावर जुंपलं, कित्येकांना ठार केलं. विहारांची कोठारं झाली, काहींचे तुरुंग झाले. पावणेचार वर्षांत उपासमार, रोग, वेठबिगार आणि कत्तल यांत सुमारे १७ लाख माणसं मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्या आत होती, म्हणजे साधारण दर पाच माणसांमागे एक माणूस गेला. चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी वंशाचे लोक तर वेचून मारले गेले. या दोन समाजांच्या बाबतीत वंशसंहार झाला, असा निकाल खास न्यायालयाने २०१८ साली दिला. म्हणजे न्याय यायला चाळीस वर्षं लागली.

जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने ती राजवट पाडली. हाडांचे सापळे झालेले लोक जंगलातून थायलंडच्या सीमेकडे निघाले. तिथे तरी आसरा मिळाला का? जून १९७९ मध्ये थाई लष्कराने चाळीस हजारांहून अधिक निर्वासितांना बसगाड्यांत भरून प्रीह विहीअरच्या कड्यावरून खाली परत ढकललं. खाली सुरुंग पेरलेले होते. त्यात हजारो माणसं मेली. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात अडवलं गेलं, त्या आपल्या लोकांना बंद दार म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

जगभर ओरड झाली, थाई सरकारचं धोरण बदललं आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये सा केओ इथे पहिली मोठी छावणी उघडली. तिथे सुमारे तीस हजार माणसं आली. पुढच्याच महिन्यात खाओ इ दांगची छावणी उघडली, ती लाखाच्या वर गेली. डॉक्टर, नर्सेस, मिशनरी, साधी तरुण पोरं मदतीला धावली. जपानहून सोतो पंथाच्या बौद्धांनी सुरू केलेल्या कामातले स्वयंसेवक आले. त्यांनी छावणीतल्या मुलांसाठी चित्रांच्या पुस्तकांची वाचनालयं चालवली. पोट तर भरायलाच हवं, पण ज्या मुलांची शाळा आणि पुस्तकं हिरावली गेली होती त्यांच्या हातात पुस्तक देणं हीसुद्धा मदतच, हे त्यांनी ओळखलं. सीमेवर नाँग चान इथे डिसेंबर १९७९ पासून तांदूळ आणि पुढे बियाणं वाटलं जाऊ लागलं. आतल्या गावांतले शेतकरी बैलगाडीने, सायकलने, खांद्यावरून ते घरी नेत. त्यामुळे पुष्कळांना गाव सोडून निर्वासित व्हावं लागलं नाही.

याच सा केओमध्ये भिक्खू महाघोसानंद आले. त्यांनी आपल्या भारतात नालंदा इथे अध्ययन केलं होतं. कत्तलीच्या काळात ते थायलंडच्या अरण्यविहारात असल्याने वाचले, पण घरचं सारं कुटुंब मारलं गेलं. छावणीत त्यांनी मैत्रीच्या उपदेशाची पत्रकं वाटली. कित्येक वर्षांनी चीवर पाहून लोक जमिनीवर डोकं टेकून रडले. छावण्यांतून झोपडीवजा विहार उभे राहिले. लक्षात घ्या, सा केओतल्या गर्दीत खुद्द ख्मेर रूजचे सैनिकही होते. महाघोसानंदांनी त्यांनाही वगळलं नाही.

खरी कसोटी जून १९८० मध्ये लागली. निर्वासितांना परत पाठवायचं ठरलं. कागदावर ते स्वखुशीचं होतं, पण सीमेपलीकडे लढायला ख्मेर रूजला माणसं हवी होती आणि त्यांचे पुढारी छावणीत लोकांवर दडपण आणत होते. तेव्हा महाघोसानंद आणि अमेरिकन ख्रिस्ती धर्मोपदेशक पीटर पाँड यांनी जाहीर विरोध केला. ज्याला जायचं नाही त्याने विहारात आसरा घ्यावा, असं त्यांनी सांगितलं. तरीही हजारो लोक परत गेले. पण विहार मुकाट बसला नाही. भाताची वाटी देणारे पुष्कळ असतात, ‘याला मरायला पाठवू नका’ असं सत्तेला सांगणारे थोडे. आमच्या मते स्वयंसेवकाचं काम तिथे सुरू होतं.

१९९१ च्या पॅरिस करारानंतर छावण्यांतले साडेतीन लाखांहून अधिक लोक मायदेशी परतले. १९९२ साली महाघोसानंद निर्वासितांचा एक जथा घेऊन सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत पायी गेले. वाटेत कित्येकांना हरवलेले नातलग भेटले. या धम्मयात्रा पुढेही निघाल्या. १९९४ च्या यात्रेत गोळीबारात एक भिक्खू आणि एक साध्वी मारले गेले, तरी यात्रा थांबली नाही. महाघोसानंदांचं २००७ साली निधन झालं.

आता एक कडू गोष्ट. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या मुस्लिमांना जीव घेऊन बांगलादेशात पळावं लागलं. तो देश बौद्धबहुल आहे आणि तिथे चीवर घातलेल्या काहींनीच द्वेष पेरला. निर्वासितांना पहिला घास दिला तो उखिया-टेकनाफच्या गरीब गावकऱ्यांनी. पण त्याच म्यानमारमध्ये, मार्च २०१३ च्या मेइक्तिला शहरातल्या दंगलीत, भिक्खू विथुद्धा यांनी शेकडो मुस्लिमांना आपल्या विहारात लपवून वाचवलं होतं. चीवर तेच, बुद्धमूर्ती तीच. मग धम्म कुठे होता, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारलं आहे, की भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण व्हायचा की समाजाचा सेवक व्हायचा? त्यांची आशा सेवकावर होती. हाच प्रश्न विहारालाही लागू आहे. म्हणून वर्धापनदिनी आमची विनंती एवढीच, की आग लागो, पूर येवो, दंगल होवो, दारात आलेल्याची जात-धर्म न विचारता आपल्या विहाराचं कुलूप काढायचं, असा ठराव या वर्षी सर्वांनी मिळून करावा. किल्ली कुणाकडे राहील, तेही त्याच बैठकीत ठरवावं.

नमो बुद्धाय! जय भीम!