कुस्वार

कुस्वार हा नाताळाच्या सुमारास घरी तयार करून आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना व दूर राहणाऱ्या नातलगांना वाटल्या जाणाऱ्या गोड पदार्थांचा समूह होय. कोकणपट्टीतील गोवेकर, मंगळुरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांत ही प्रथा आढळते. कुस्वार या नावाचा एकच एक पदार्थ नाही. कुलकुल, नेवरी, नानखटाई, बोलिन्हा, गुलाब कुकी, मार्झिपान, दोदोल इत्यादींचे ताट किंवा डबा म्हणजे कुस्वार. वसई व उत्तन परिसरातील मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे यालाच ‘नाताळचा फराळ’ असेही म्हणतात.

नाव

हा शब्द ‘कोन्सोआदा’ या पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानले जाते. पोर्तुगालमध्ये नाताळाच्या आदल्या रात्रीच्या कौटुंबिक भोजनास हे नाव आहे. गोव्यात त्याचा अर्थ सरकला व शेजारीपाजारी पाठवायच्या मिठाईच्या ताटाला ते लागू झाले. मंगळुरी कोकणीत त्याचे ‘कुस्वार’ झाले आणि मुंबईत स्थायिक झालेल्या मंगळुरी कुटुंबांबरोबर हे रूप इतरांतही रुळले. अर्थातील हा बदल लक्षणीय आहे: मूळ शब्द घरात बसून जेवण्याचा होता, येथे तो घराबाहेर पाठवण्याचा झाला.

मिरा-भाईंदर परिसर

मिरा-भाईंदर हे साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेले आहे. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकली, तरी येथील ख्रिस्ती वस्ती व तिचे सण टिकून राहिले. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. उत्तन, डोंगरी, पाली, चौक या किनारी गावांत ही वस्ती आजही दाट आहे.

भाईंदर पूर्वेकडील नवघर हे मूळचे स्वतंत्र गाव. १२ जून १९८५ रोजी नवघर, भाईंदर, मिरा, काशी व घोडबंदर या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. मुंबईतून व देशाच्या अन्य भागांतून आलेल्या कुटुंबांमुळे येथे एकाच इमारतीत ख्रिस्ती, जैन, वैष्णव व मराठी हिंदू शेजार सहज आढळतो. त्यामुळे ताटात काय ठेवायचे, यालाही महत्त्व येते. बोलिन्हात अंड्याचा बलक असतो, मार्झिपानमध्ये बहुधा अंड्याचा पांढरा भाग असतो, केकमध्ये अंडी असतातच. नानखटाईत मात्र परंपरेनेच अंडे नसते, म्हणून अंडे वर्ज्य असलेल्या घरी ती संकोचाविना पाठवता येते.

पदार्थ

कुस्वारातील सर्व पदार्थ भाजलेले नसतात. कुलकुल, नेवऱ्या व गुलाब कुकी तळतात, दोदोल आटवतात. भट्टीचे पदार्थ म्हणजे प्रामुख्याने नानखटाई व बोलिन्हा. घटक वेगळे असले, तरी निवडीमागे एक समान कसोटी दिसते: पदार्थ आठवडाभर तरी टिकला पाहिजे आणि डब्यात हादरे सोसून पोचला पाहिजे.

कुलकुलासाठी मैदा किंवा रवा-मैद्याचे पीठ नारळाच्या दुधात घट्ट मळतात. त्याच्या बोराएवढ्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळल्या की शंखासारखा, वर रेघा उमटलेला आकार तयार होतो. ते तळून पाकात घोळवतात व पाक वाळून वर पांढरा थर धरतो. मंगळुरी लोक यांना ‘किडियो’ म्हणजे किडे म्हणतात. नाव ऐकून नवखा माणूस क्षणभर थबकतो. काम वेळखाऊ असल्याने घरातील सगळे, लहान मुलांसह, एकत्र बसून ते उरकतात. मुलांनी वळलेले कुलकुल वाकडेतिकडे झाले तरी बाजूला काढले जात नाहीत.

बोलिन्हा हे रवा, खोबरे, साखर व बलक यांचे गोल बिस्किट आहे. मिश्रण रात्रभर मुरवतात, म्हणजे रवा फुलतो. भाजण्यापूर्वी प्रत्येक गोळ्यावर सुरीने किंवा काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढतात. एवढेच त्याचे नक्षीकाम. नानखटाईत तूप व पिठीसाखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसणे हा निर्णायक टप्पा आहे, कारण यातूनच तिला खुसखुशीतपणा येतो. मग मैदा, थोडे बेसन किंवा रवा, वेलची व जायफळ घालून गोळे करतात आणि प्रत्येकावर चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबतात. सुरत येथील एका डच बेकरीच्या पारशी वारसदारांनी नानखटाई रूढ केली अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे.

सजावटीचा खरा वाव मार्झिपानमध्ये असतो. युरोपात ते बदामाचे करतात. कोकणात त्याची जागा बहुतांशी काजूने घेतली. काजूचे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणले होते. काजूची पूड, साखर व गुलाबपाणी मंद आचेवर आटवून, रंग मिसळून तो गोळा साच्यांत दाबतात. फुले, पाने, मासे, घंटा असे आकार निघतात.

भट्टी

घरगुती ओव्हन सर्रास नव्हते तेव्हा बोलिन्हा व नानखटाई यांसाठी जवळच्या बेकरीची भट्टी हाच मार्ग होता. पाव निघाल्यानंतर उतरत्या आचेत घरचे ट्रे भाजून देण्याची पद्धत होती. महाराष्ट्रात इतरत्रही दिवाळीपूर्वी किंवा मे महिन्याच्या सुटीत रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जाणे आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटे आणणे ही मध्यमवर्गीय घरांतील नेहमीची गोष्ट होती. घरच्या तुपाची हमी आणि भट्टीची भाजणी या दोन्ही गोष्टी त्यात साधत.

छोट्या ओव्हनांच्या प्रसाराने ही प्रथा क्षीण झाली. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवाप्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतील लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. प्रदूषणाचा मुद्दा निर्विवाद आहे, परंतु विटांच्या भट्टीत पाव निघाल्यावर तासन्‌तास टिकणारी मंद ऊब आता दुर्मिळ होत जाईल.

वाटप

आगमनकाळाच्या उत्तरार्धात पदार्थ करण्यास आरंभ होतो. ताटे साधारणतः २४ व २५ डिसेंबरला फिरतात, आणि ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत राहून गेलेल्या घरी पोचवली जातात. ताटावर विणलेला किंवा भरतकाम केलेला रुमाल झाकण्याची पद्धत आहे. दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांकडून आलेल्या करंज्या-चकल्यांच्या ताटाची ही परतफेडही असते. रिकामे ताट परत करू नये हा संकेत दोन्ही बाजूंना मान्य आहे. काही नसेल तर मूठभर साखर तरी घालतात. नेवरी व करंजी यांत फरक जवळपास नावाचाच आहे, त्यामुळे दोन महिन्यांच्या अंतराने एकच पदार्थ विरुद्ध दिशेने प्रवास करतो.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे गोडधोड करत नाहीत. अशा घरी शेजारी व नातलग आवर्जून ताट पाठवतात. हिंदू कुटुंबांतही दुःखाच्या पहिल्या दिवाळीला फराळ बाहेरूनच येतो.

परदेशी पाठवणी

आखाती देश, इंग्लंड, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे गेलेल्या मुलांसाठी कुस्वाराचा डबा पूर्वी परतणाऱ्या ओळखीच्या प्रवाशाच्या सामानात जाई. आता टपाल व कुरिअर यांचाही वापर होतो. कुलकुल व नानखटाई या प्रवासाला सर्वांत योग्य. दोदोल व दुधाची वडी दमटपणाने खराब होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद केल्यास आत वाफ धरते व खुसखुशीतपणा जातो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे आलेले अन्नपदार्थ जाहीर करावे लागतात आणि दुग्धजन्य पदार्थांवर कडक निर्बंध आहेत.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या बदललेल्या सीमाशुल्क नियमांमुळे भारतीय टपाल विभागाने तिकडील पार्सलांची नोंदणी स्थगित केली होती. ती सेवा १५ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ववत झाली. दिवाळी तेव्हा अवघ्या काही दिवसांवर होती. नाताळाच्या डब्यांना मात्र वेळ पुरेसा मिळाला.